लिंबू नको

लिंबू नको.
पॅरिसची माणसं मागतात म्हणून ठेवलंय, राहू दे तिथंच.
कालव उचला, शिंपल्याची कड ओठाला लावा,
आधी खारं पाणी पिऊन टाका, मग मांस.
चावा.
नुसती गिळणारी माणसं मला आवडत नाहीत,
दीड वर्ष मी काय गिळण्यासाठी वाढवली?
आता घोट घ्या.

डसली ना?
पिकपूल. नावातच आहे तिच्या, ओठाला डसणारी.
लिंबाचं काम ती करते,
लिंबासारखा आरडाओरडा न करता.

हे समोर पसरलंय ते तळं.
खारं, रुंद, चिंचोळ्या वाटांनी समुद्राशी बोलणारं.
नाव त्याचं तो.
हसू नका. नुसतं तो.
आई म्हणायची, "तो आज गप्प आहे,"
आणि आम्ही मुलं बापाकडे बघायचो.

भरती-ओहोटी त्याला फारशी ठाऊक नाही.
दोर पाण्यात सोडला की सोडला.
दोराला कालवं चिकटवायची सिमेंटनं,
तीन तीन करून, हातानं, जानेवारीतसुद्धा.
माझी नखं बघा.
नको, जेवताय तुम्ही.

आणि तिकडे, पाइनच्या रांगेमागं, पिनेच्या अंगाला
हिरवट पट्टे दिसतात ते मळे.
खालच्या चौदा ओळी सिप्रियाँच्या.
चुनखडीची जमीन, पावसाला पारखी,
रात्री मात्र तो आपला ओला श्वास वेलींवर सोडतो,
म्हणून इतक्या उन्हातही हिचा आंबटपणा जात नाही.
बाकीची द्राक्षं खुडून होतात, तरी हिचं पिकणं चालूच.
हट्टी.

त्याच्या आजोबांचा आणि माझ्या आजोबांचा एक करार होता,
कागद नाही, सही नाही.
नाताळच्या आदल्या दिवशी बारा डझन कालवं वर जायची,
बारा बाटल्या खाली यायच्या.
दोघं एकमेकांशी धड बोलत नसत,
बांधावरून काहीतरी, की एका बाईवरून,
दोन घरांत दोन गोष्टी सांगतात.
पण खोकं चुकलं नाही. युद्धातही नाही.

मग तो उन्हाळा.
अकरा दिवस वारा नाही.
पाणी दुधासारखं पांढरं, गावभर कुजक्या अंड्याचा वास.
आमच्या जुन्या बोलीत त्याला मलाइग म्हणतात,
वाईट पाणी.
दोर ओढले तर सगळी कालवं तोंडं उघडून,
काही सांगायचं राहून गेल्यासारखी.
एकशे दहा दोर. मोजले मी.
मोजायची काही गरज नव्हती.

चोवीस डिसेंबरला, दिवेलागणीला तो आला.
तो म्हणजे सिप्रियाँ.
खोकं टेबलावर ठेवलं, टोपी काढली नाही.
म्हटलं, परत ने, द्यायला काही नाही माझ्याकडे.
म्हणाला, "मग खायला काय आहे?"
कालचा पाव, चार पाकळ्या लसूण,
आणि बहिणीनं सेतहून पाठवलेली एक तिएल,
आत ऑक्टोपसचं तिखट सारण, कडा लाल, बशीएवढी.
अर्धी त्याला, अर्धी मला.
वाईन त्या तेला-तिखटातून अशी सरळ कापत गेली
की मला, खरं सांगते, कालवांची आठवणच आली नाही.
मग त्याचीच लाज वाटली.

उठताना म्हणाला,
"सप्टेंबरात तोडणीला दोन हात कमी पडतात."
एवढंच.
गेले मी. चार दिवस. कात्रीनं अंगठा कापून घेतला,
तर म्हणतो कसा, सुरीची सवय, दुसरं काय.

ही बाटली त्या तोडणीची.
मला ती शेवटी किंचित कडू लागते,
ओल्या बदामाच्या सालीसारखी.
तुम्हाला नाही लागली? असो.

थांबा, अजून सहा उघडते.
नव्या दोरांची पहिलीच आहेत, अंगानं जरा लहान.
मासा हवा तर भाजून देईन, नुसतं मीठ लावून.
बकरीचं चीज आहे, कोवळं घ्या, मुरलेलं नको.
गोड काही मागू नका हिच्याबरोबर,
रुसते.

वारा फिरला बघा.
टेबलावरचे कागद धरा.
तो उठला.